मावशींचं फडकं

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज मावशींनी चित्र पुसलं. झालं एवढंच.

महिनाभर ते भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. थंडी सुरू झाली आणि त्यावर पांढुरका थर धरला, द्राक्षांवर असतो तसा. मेणाच्या नव्या चित्राला थंडीत असं होतं, मऊ कापडानं घासलं की जातं. दुसऱ्या कुणाला मी हेच सांगितलं असतं, वर हसलेही असते. पण स्वतःचं होतं ना. गेलं म्हटलं आणि पालथं घातलं.

मावशींनी जुन्या धोतराचं फडकं घेतलं, पाच मिनिटं घासलं. "धूळ होती ताई." आतला निळा असा वर आला की हा मी लावला होता?

आनंद व्हायला हवा होता. राग आला.

आठ भाग मेण, एक भाग राळ. वितळवलं मी, गाळलं मी. नव्वद अंशांच्या तव्यापाशी उभं राहून बोटं भाजली माझी. ब्रश फळीपर्यंत पोचेतो रंग थिजायला लागतो. मग हीटगनची गरम हवा, खालचा थर वरच्याला धरेपर्यंतच. जरा रेंगाळलं की केलेली रेघ डोळ्यांदेखत वाहून जाते. पाच वर्षं मिनतवाऱ्या करतेय मी या मेणाच्या. आणि ते ऐकतं कुणाचं, तर फडक्याचं.



इजिप्तमधल्या फायूमची ती ममींवरची चित्रं मी येईल त्याला दाखवते. बघा, गरम मेणात केलेले चेहरे, दोन हजार वर्षं होत आली, डोळ्यांतली ओल तशीच. मेण टिकतं हो! असं लोकांना सांगायचं, आणि स्वतःच्या चित्राला एक हिवाळाही द्यायचा नाही.

शिवाय मी घासलं असतं तर? जोर लावून एखादा कोपरा नक्की उडवला असता.

जाताना मावशींनी विचारलं, उरलंसुरलं मेण आहे का, टाचांना भेगा पडल्यात. राळ न घातलेला एक खडा दिला. मावशींनी तो नखानं खरवडून बघितला, नाकाशी धरला. "चांगलं आहे. खोबरेलात टाकायचं एवढंसं, बारीक आचेवर. पातळ झालं की लगेच उतरवायचं, जळू द्यायचं नाही. कळलं?"

हो म्हटलं.