सीईए, पुटिका आणि प्रथिनांची जोडी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्तातील ज्या प्रथिनाची तपासणी अजूनही नेमाने केली जाते, ते सीईए (कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजन) फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये शोधले. पुढे त्याच शहरातील मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करत होत्या. या पेशी पक्व होताना ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा ग्राही (ते पकडून घेणारे पेशीवरील प्रथिन) सूक्ष्म पुटिकांमध्ये, म्हणजे पडद्याने वेढलेल्या इवल्या पिशव्यांमध्ये, भरून बाहेर टाकतात, असे १९८३ साली त्यांच्या आणि सेंट लुईसच्या एका गटाच्या कामातून दिसले. या पुटिकांना पुढे एक्सोसोम म्हटले जाऊ लागले, पण कित्येक वर्षे त्यांच्याकडे पेशीने टाकलेला केरकचरा म्हणूनच पाहिले गेले.

सीईएची अडचण जुनीच आहे. ते धूम्रपान करणाऱ्यांत आणि यकृताच्या काही विकारांत वाढते, आणि कर्करोग अगदी सुरुवातीला असताना बऱ्याचदा वाढतच नाही. म्हणून त्याचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो आहे का, हे पाहण्यापुरता उरतो. पुटिकांबद्दलची आशा इथून सुरू होते. साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या एक्सोसोमच्या आवरणावर मूळ पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने असतात आणि आतला ऐवज रक्तातील विकरांपासून (एन्झाइम्सपासून) बराचसा सुरक्षित राहतो. रक्तात सुटे वाहणारे प्रथिन कुठून आले हे सांगता येत नाही, पण एकाच पुटिकेवर दोन प्रथिने शेजारी-शेजारी सापडली तर ती एकाच पेशीतून निघाली असावीत, असे मानायला आधार मिळतो.

मला या क्षेत्रातील सर्वांत उद्बोधक काम मेलबर्नच्या रिचर्ड सिम्पसन यांच्या गटाचे वाटते. आतड्याच्या कर्करोगाच्या एलआयएम १८६३ या पेशी द्रवात पोकळ गोळ्यांसारख्या वाढतात, म्हणजे त्यांना आतड्यासारखी आतली आणि बाहेरची बाजू असते. या पेशींच्या पुटिका ए३३ आणि एपकॅम या दोन प्रथिनांवरील प्रतिपिंडांनी वेगवेगळ्या पकडल्यावर दोन निरनिराळे समूह हाती आले: एपकॅमवाला पोकळीकडील बाजूचा, तर ए३३वाला पेशीच्या तळाकडील व कडेच्या बाजूचा. रक्तवाहिन्या या दुसऱ्या बाजूला असल्यामुळे, रक्ताच्या चाचणीसाठी प्रथिन निवडताना ते पेशीच्या कोणत्या अंगाने बाहेर पडते हा प्रश्न आधी विचारायला हवा, असे माझे मत आहे. कर्करोगात पेशींची ही दिशा बिघडत जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

टोकियोच्या ताकाहिरो ओचिया यांच्या गटाने २०१४ साली मांडलेल्या एक्सोस्क्रीन पद्धतीत पुटिकेच्या पृष्ठभागावरील सीडी१४७ आणि सीडी९ या प्रथिनांची जोडी शोधली जाते. एका प्रथिनाला चिकटलेला मणी लेसरच्या प्रकाशात ऑक्सिजनचे उत्तेजित रूप सोडतो आणि दुसऱ्या प्रथिनावरचा मणी सुमारे २०० नॅनोमीटरच्या आत असेल तरच उजळतो, त्यामुळे पुटिका आधी वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. ही सोय फार मोठी आहे, कारण पुटिका वेगळ्या काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (अतिवेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) पुटिकांबरोबर अल्ब्युमिन आणि लायपोप्रोटीनही तळाशी येतात आणि प्रथिने ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर अशी मुबलक प्रथिनेच इतरांना झाकून टाकतात.

तरीही सीडी९ रक्तातील बिंबिकांवरही (प्लेटलेट्सवरही) भरपूर असते. रक्ताची गुठळी होऊ देऊन सीरम (वरचा निवळ द्रव) काढताना बिंबिका स्वतःच्या पुटिका सोडतात, म्हणजे नमुना कोणत्या नळीत घेतला आणि किती वेळ टेबलावर राहिला, यावरही आकडा हलू शकतो. म्हणून नवे बायोमार्कर (रोगाची खूण सांगणारे रेणू) जाहीर करणारा शोधनिबंध वाचताना मी प्रथम रक्त घेण्याची पद्धत पाहतो, आणि मग तुलनेतला दुसरा गट. धडधाकट माणसांपेक्षा आतड्याचा दाह किंवा आतड्यात पॉलिप (गाठीसारखी वाढ) असलेल्या रुग्णांशी तुलना केली असेल, आणि त्याच नमुन्यांवर सीईएही मोजले असेल, तरच पुटिकेने नवे काय सांगितले हे ठरवता येते.