इबेराच्या पाण्यात गरवताना

पहिला दोरादो मासा माझ्या हातून सुटला तो सवयीमुळे. खाडीवर बाबांबरोबर गरवताना एक गोष्ट अंगात भिनलेली: माशाने ओढ दिली की काठी वर उचलायची. इथे ते चालत नाही. दोरादोचं तोंड हाडाचं, टणक. रॉड वर गेला की गळ आत रुततच नाही.

"रॉड पाण्याकडेच ठेव, चामिगो. डाव्या हाताने दोरी मागे खेच. जोरात!" वाटाड्या तिसऱ्यांदा सांगत होता, जराही न वैतागता. कोरिएन्तेसमध्ये दोस्ताला चामिगो म्हणतात.

अर्जेंटिनाच्या ईशान्येकडचा हा प्रांत. ब्युनोस आयर्सहून रात्रभर बसने मेर्सेदेस, तिथून पुढे कच्चा रस्ता. मेर्सेदेसबाहेर गाउचितो हिल या लोकदैवताचं ठाणं लागतं. सगळीकडे लाल झेंडे, लाल फिती. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मला आमच्या घाटातल्या देवळांसमोर हळू होणाऱ्या गाड्या आठवल्या.

इबेरा म्हणजे गुआरानी भाषेत चकाकणारं पाणी. ही दलदल मुख्यतः पावसावर भरते. गाळ आणणारी मोठी नदी तिच्यात येत नाही, त्यामुळे वनस्पतींतून झिरपलेलं पाणी कितीतरी ठिकाणी तळ दिसेल इतकं नितळ. म्हणूनच इथे फ्लाय फिशिंगला मजा आहे. आमिष नाहीच, हरणाच्या शेपटीचे केस बांधून केलेला, वीतभर नसला तरी चांगला बोटभर लांब 'मासा' फेकायचा आणि तो जिवंत वाटेल असा झटक्याझटक्याने ओढायचा. गळाच्या आधी तारेचा तुकडा लागतोच, नाहीतर दोरादोचे दात दोरी कापतात.

काठाला जमीन समजून मी पाय टाकणार होतो, वाटाड्याने दंड धरला. ती जमीन नव्हती, एम्बाल्सादो होता: मुळं, पानं आणि माती एकमेकांत गुंतून झालेलं तरंगतं बेट. त्यावर झुडपं उगवतात, कार्पिंचो (हे डुकराएवढे उंदीरवर्गातले प्राणी) बसतात, काठाला याकारे मगरी ऊन खातात. वारा सुटला की सगळं जागचं हलतं.

हे पाणी १९८३ मध्ये संरक्षित झालं. पुढे अमेरिकन उद्योजक डग्लस टॉम्पकिन्स आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टिन यांनी इथली जमीन विकत घेतली. परका माणूस एवढी जमीन कशाला घेतो, अशी शंका स्थानिकांना होतीच. ती जमीन देशाला दिली गेली आणि २०१८ मध्ये इबेरा राष्ट्रीय उद्यान झालं. कित्येक दशकांपूर्वी इथून नाहीसा झालेला जग्वार २०२१ पासून पुन्हा मोकळा फिरतोय. मला तो दिसला नाही, पण तो आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुपारी चौथा मासा लागला तेव्हा डावा हात आपोआप मागे गेला. मासा पाण्याबाहेर उसळला, उन्हात अख्खा पिवळा. पुन्हा उसळला. दहा मिनिटांनी होडीजवळ आला तेव्हा नीट पाहिला: खवल्या-खवल्यांवर काळे ठिपके ओळीने, शेपटी केशरी आणि तिच्या मधोमध काळा पट्टा.

गळाच्या टोकाला अडकवणारा उलटा काटा नव्हता, लगेच निघाला. मग वाटाड्याने शिकवलं तसं एका हाताने शेपटीचं बूड, दुसऱ्याने पोट धरून मी माशाला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच ठेवला. कल्ले उघडत होते, मिटत होते. हातातलं बळ वाढत गेलं. गरवलेला मासा परत सोडायचा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करत होतो. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे म्हणून कोणी धरत नाही ते मासे मी पाहिलेत, पण तिथे हात लावायची वेळच येत नाही. इथे तो माझ्या तळव्यात होता. शेपटीचा एक फटका बसला, तोंडावर पाणी उडालं आणि तळव्यावर फक्त बुळबुळीतपणा राहिला.

परतताना सकाळची वाट सापडेना. वाऱ्याने एम्बाल्सादो सरकून तिचं तोंड बुजलं होतं. वाटाड्याने इंजिन बंद केलं, लांब बांबू माझ्या हाती दिला आणि आम्ही दोघे ते बेट बाजूला रेटायला लागलो.