साध्या गिटारची हवाईयन गिटार: काम कुठवर आलं

650 मिमी स्केलची (म्हणजे वाजणाऱ्या तारेची तेवढी लांबी असलेली), स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक गिटार आता मांडीवर आडवी वाजते आहे. नट (मानेच्या टोकाची, तारा टेकवणारी खाचांची पट्टी) उंच झाला, सॅडल (पेटीकडच्या टोकाची तशीच पट्टी) सपाट झालं, जी ट्यूनिंग (मोकळ्या तारा जी स्वरसंघात लावणं) टिकतंय. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बाकी आहे.

उंचीपासून सुरुवात. जुन्या नटावर बसणारी धातूची खाचांची टोपी मिळते, तिला एक्स्टेन्शन नट म्हणतात. तारा सैल करून ती सरकवायची. गोंद लावायचा नाही, तारांचा दाबच तिला धरून ठेवतो. तारा फ्रेटबोर्डच्या सुमारे 9 मिमी वर येतात आणि बार (तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर, आपटत नाही. ओआहू बेटावरच्या लाईए गावचा जोसेफ केकुकू, जन्म 1874, शाळकरी वयातच याच वाटेने गेला: तारा उचलायच्या आणि बोटांनी दाबण्याऐवजी त्यांवर पोलादाचा तुकडा सरकवायचा. शोध एकट्याचा होता का, यावर वाद आहे. भारतात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन या खलाशाचं नावही जुन्या हकिकतींत येतं. पण पद्धत घडवून अमेरिका आणि युरोपात नेली ती केकुकूने.

नट बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. सरळ बारसाठी तारांचा वरचा काठ एका पातळीत हवा, खालचा नव्हे. 13-56 च्या संचात (हे आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) पहिली तार 0.33 मिमी जाड असते आणि सहावी 1.42, म्हणून सहावीची खाच पहिलीपेक्षा 1.1 मिमी खोल लागते. सगळ्या खाचा सारख्या खोल कापल्या की बार तिरका बसतो, मधल्या तारांना नीट टेकत नाही आणि त्या खरखरतात. तपासणी सोपी आहे: तारांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून मागून टॉर्च मारा. जिथे फट दिसते ती तार खाली आहे.

सॅडल उंच करू नका. नटाशी 9 मिमी आणि सॅडलशी साडेचार मिमी धरले, तर 12व्या फ्रेटवर पावणेसात मिमी मिळतात, आणि तेवढे पुरतात. उंच सॅडल पुढे कलतं आणि ते ज्यात बसतं त्या ब्रिजची (पेटीवर चिकटवलेल्या लाकडी पट्टीची) खाच चिरते. फक्त वरची कमान घासून सरळ करायची.

ट्यूनिंग सहाव्या तारेपासून डी-जी-डी-जी-बी-डी. नेहमीच्या गिटारपेक्षा सहावी, पाचवी आणि पहिली तार दोन-दोन अर्धस्वर खाली, त्यामुळे त्या तिघींवरचा ताण सुमारे 21 टक्के कमी. हीच रचना ए मध्ये हवी असेल तर चौथी, तिसरी, दुसरी तेवढ्याच वर चढवाव्या लागतात. मग त्यांचा ताण 26 टक्के वाढतो आणि हलक्या बांधणीच्या गिटारचा ब्रिज हळूहळू उचलला जातो. हाय बेस ए या, जाड ताराही वर चढवणाऱ्या ट्यूनिंगमध्ये तर सहावी तार ई वरून ए वर जाते, ताण पावणेदोन पट होतो. तिथे बारीक तार घातल्याशिवाय हात लावू नये.

डी-जी-डी-जी-बी-डी ला हवाईत ‘टॅरो पॅच’ म्हणतात. टॅरो म्हणजे आपला अळू, म्हणून हे अळूच्या वाफ्याचं ट्यूनिंग. 1830 च्या दशकात मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार तिथे पोचली, आणि स्थानिकांनी तारा सैल करून बोटांनी वाजवायची स्लॅक की शैली घडवली. युकुलेलेची वाट वेगळी: ती 1879 मध्ये रेव्हन्सक्रॅग जहाजातून आलेल्या, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या कारागिरांच्या माशेते या छोट्या वाद्यातून आली. या दोघांची गल्लत फार होते.

बार भरीव स्टेनलेस स्टीलचा, 19 मिमी व्यास, 75 मिमी लांब, वजन साधारण 165 ग्रॅम. पोकळ नळी हलकी पडते, सूर पातळ येतो. बार फ्रेटच्या पट्टीच्या नेमका वर हवा. स्पॅनिश पद्धतीच्या सवयीने तो फ्रेटच्या मागे राहिला तर सूर उतरतो. 12व्या फ्रेटवर 1 मिमी चूक म्हणजे 5 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), पहिल्यावर जेमतेम 3. वर जाऊ तसा हात अधिक काटेकोर हवा. बारच्या मागे अनामिका आणि करंगळी ही दोन बोटं तारांवर सैल टेकवून ठेवायची, नाहीतर तारांचा मागचा भागही वाजतो. ही चूक वाजवणाऱ्याला उशिरा ऐकू येते, रेकॉर्डिंगमध्ये लगेच.

मींड तर या वाद्यात आपसूकच येते. म्हणूनच मुंबईत व्हॅन शिपली यांच्या हवाईयन गिटारवर हिंदी चित्रगीतं इतकी सहज वाजली, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर राग मांडले.

आता आवाजाचा प्रश्न. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर हवाईयन संगीत अमेरिकेभर पसरलं, सभागृहं मोठी झाली आणि लाकडी पेटी कमी पडू लागली. 1927 मध्ये नॅशनल कंपनीची, आवाज मोठा करणाऱ्या तीन शंकूंची धातूची गिटार आली, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ आली. तिचं चुंबकी पिकअप नालाच्या आकाराच्या दोन चुंबकांचं होतं. आमच्यासाठी साउंडहोलमध्ये (पेटीच्या गोल भोकात) बसणारं चुंबकी पिकअप पुरेल, पण ब्राँझने गुंडाळलेल्या तारांमधला फक्त पोलादी गाभाच त्याला जाणवतो. जाड तारा दबतात, पहिल्या दोन ओरडतात. म्हणून पिकअप लावण्याआधी निकेलने गुंडाळलेला संच चढवायचा आहे, त्याच 13-56 जाडीचा, म्हणजे नटाच्या खाचा पुन्हा कापाव्या लागणार नाहीत.