बुन्याच्या डोंगरावर, वर बघत

फेब्रुवारीत आईला घेऊन ऑस्ट्रेलियातल्या बुन्या माउंटन्सला जाऊन आलो. ब्रिस्बेनहून गाडीने साधारण तीन तास. शेवटचा घाट अरुंद आणि खड्या चढाचा, म्हणून पेट्रोल डाल्बी किंवा किंगरॉयलाच भरून घ्या.

बुन्या म्हणजे इथला पाइनसारखा उंच वृक्ष. डिसेंबर ते मार्च त्याची फळं पडतात. एकेक दहा किलोपर्यंत, तीही उंच झाडावरून. गाडी, तंबू, चटई, काहीही त्याखाली नको. आई हसली. आमच्या गुहागरला लोक माडाखाली खुशाल बाज टाकतात, नारळाला डोळे असतात म्हणे. बुन्याला नसावेत.

डांडाबा या उद्यानातल्या मुक्कामाच्या ठिकाणाहून चार किलोमीटरची सीनिक सर्किट ही गोल पायवाट केली. या डोंगरात काही जुन्या खोडांवर आदिवासींनी चढायला पाडलेल्या खाचा अजून आहेत. माडाला पाडतात तशाच. दर तीनेक वर्षांनी भरघोस पीक येई, तेव्हा दूरदूरच्या जमाती इथे जमत. खाणं, सोयरिकी, तंट्यांचे निवाडे, सगळं इथेच. 1842 मध्ये न्यू साउथ वेल्सचा ब्रिटिश गव्हर्नर गिप्स याने बुन्याच्या मुलखात गोऱ्यांना वसाहतीचे परवाने देणं थांबवलं. 1860 मध्ये ते संरक्षण गेलं, मागोमाग करवती आल्या. राष्ट्रीय उद्यान झालं 1908 साली.

वाटेवर फोडलेल्या टरफलांचा सडा होता. पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे वर कच्ची फळंच कुरतडतात. रात्री टॉर्च घेऊन निघालात तर पॉसम, म्हणजे झाडावर राहणारा पिशवीवाला छोटा प्राणी, दिसेल. तो बी उचलून दूर नेऊन खातो आणि त्यातलीच एखादी रुजते. रुजण्याची तऱ्हाही न्यारी: आधी जमिनीखाली कंद धरतो, कोंब मागाहून.

उद्यानातून एकही बी उचलायची नाही, कायद्याने मनाई आहे. आम्ही परतीच्या वाटेवर विकत घेतल्या. चीर पाडल्याशिवाय कुकरला लावू नका, फुटतात. मीठ घालून उकडल्या तर थेट फणसाची आठळी, फक्त मागे किंचित राळेचा वास.

आणखी दोन गोष्टी. मुळं कुजवणाऱ्या बुरशीने इथले बुन्ये मरताहेत, म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासून साफ करा, कंटाळा नको. आणि हृदयाच्या आकाराच्या मोठ्या पानांना हात लावू नका. त्या झाडापुढे खाजकुयली परवडली.

आईला दोन बिया गुहागरला न्यायच्या होत्या. नाही म्हटल्यावर घरी पोचेपर्यंत बोलली नाही.