पत्रात युद्ध कुठंय? तुम्ही विचारलंत म्हणून

बाळआजोबांची पत्रं ज्याला दाखवतो तो हेच विचारतो, की अहो हा माणूस ऐन दुसऱ्या महायुद्धात कॅनडात विमानाचं ट्रेनिंग घेत होता आणि पत्रात विमानाचं नावसुद्धा नाही, नुसतं "आईचे गुडघे कसे आहेत" आणि "यंदा गंगेला पूर किती आला", असं कसं? आता परवा पुन्हा कुणीतरी विचारलं म्हणून एकदाच नीट लिहितो.

बाळआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, घर नाशिकला पंचवटीत, गोदावरीपाशी (तिलाच आम्ही गंगा म्हणतो). इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला गेले, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि ते रॉयल एअर फोर्समध्ये भरती झाले (त्याआधी तिथे फक्त युरोपियन वंशाच्यांनाच घ्यायचे, ती अट 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर उठली). ब्रिटनवर तर बॉम्ब पडत होते, तिथे नवशिक्यांनी उडायला शिकायचं कुठे, म्हणून अशी पोरं कॅनडात पाठवायचे. डिसेंबर 1939 मध्ये तसा करार झाला होता आणि युद्ध संपेपर्यंत तिथून 1,31,000 च्या वर एअरक्रू तयार होऊन बाहेर पडले. बाळआजोबा नेव्हिगेटर, म्हणजे अ‍ॅन्सन विमानात मागे बसून नकाशा, घड्याळ, वारा यांचा हिशोब करत आपण कुठे आहोत ते सांगायचं काम. आणि हाच माणूस घरी मात्र आपण कुठे आहोत ते लिहू शकत नव्हता.

कारण सेन्सॉर, म्हणजे पत्रं उघडून तपासणारे सरकारी लोक. तळ कुठला, विमान कुठलं, किती जण आहेत, जहाज कधी निघणार, हे काही म्हणजे काही लिहायचं नाही. त्यात पत्र मराठीत लिहिलं तर ते वाचणारा सेन्सॉर मिळेपर्यंत अडकून पडायची भीती, म्हणून वडिलांना इंग्रजीत लिहायचे आणि आईसाठी शेवटी चार ओळी मराठीत, "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार" करून. आमच्या पणजीला इंग्रजी येत नव्हतं, तिचं पत्र म्हणजे त्या चार ओळी. मला विचाराल तर सगळ्या बंडलात मोलाचं तेच आहे. त्यातच ते लिहितात की इथे रात्री सगळे दिवे लावतात आणि पांढरा पाव मिळतो. ब्लॅकआउटमधून, म्हणजे बॉम्बच्या भीतीने रात्री सगळे दिवे झाकायचे तिथून, आलेल्या पोराला ते केवढं वाटलं असेल! पण वाचताना आपण ती ओळ सोडून पुढे जातो, विमान शोधत.

दुसरं कारण वेळ. इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राचा रस्ता बंद झाल्यासारखाच होता, बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायच्या, पत्राला महिने लागायचे आणि बोट बुडाली तर पत्र गेलंच. म्हणून प्रत्येक पत्रावर नंबर घालायचे, म्हणजे मधलं कुठलं आलं नाही ते घरी कळायचं. तेव्हा गंगापूर धरण नव्हतं, पावसाळ्यात पाणी नदीकाठच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत गेलं का हे ते विचारणार आणि त्याचं उत्तर त्यांना मिळणार तोवर इकडे पात्र कोरडं पडलेलं. अशा पत्रात "परवा परीक्षा आहे" लिहून काय उपयोग, घरचे आपले निकाल लागून गेलेल्या परीक्षेची काळजी करत बसणार. म्हणून जे महिन्यांनी वाचलं तरी शिळं होणार नाही तेच लिहायचं, आईचे गुडघे, भावाचं लग्न, घराची कौलं. तारेची सोय होती, फौजी लोकांसाठी स्वस्तातली, छापील वाक्यांच्या यादीतून तीन वाक्यांचे नंबर निवडायचे. पण आमच्याकडे तार आली की आधी रडारड, मग फोडायची, म्हणून पणजीने तार करू नकोस असंच कळवलं होतं.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागतं. लपवणं एकाच बाजूने नव्हतं. ऑगस्ट 1942 नंतर माझे आजोबा, त्यांचे सख्खे थोरले भाऊ, चळवळीत पकडले गेले आणि नाशिकरोडच्या जेलमध्ये होते. एक भाऊ इंग्रजांच्या गणवेशात, एक इंग्रजांच्या तुरुंगात. घरून बाळआजोबांना काय लिहायचं? लिहिलं की "दादा गावी गेला आहे". देशातली टपालाची तिकिटं छापायची प्रेसही नाशिकरोडलाच, म्हणजे ज्या पत्रात दादा गावी गेल्याचं लिहिलं त्यावरचं तिकीट दादाच्या जेलपासून जवळच छापलेलं. बाळआजोबांना ते कळलं असावं असं मला वाटतं, कारण पुढच्या पत्रांत ते दादाबद्दल विचारतच नाहीत, फक्त "सर्वांना माझा नमस्कार, दादाला विशेष" असं लिहितात. दोन भावांनी यावर नंतर कधी वाद घातल्याचं घरात कुणालाच आठवत नाही.

घरून गेलेली पत्रं मात्र आमच्याकडे नाहीत. एअर फोर्सवाल्यांच्या सतत बदल्या, सामान मोजकं, कुठे कुठे ठेवणार. "दादा गावी गेला" हे वाक्य आम्हाला ठाऊक आहे ते पणजी सांगायची म्हणून.

तुमच्याकडे असं बंडल असेल तर पत्रं ठेवून पाकिटं फेकू नका, बहुतेक जण तेच करतात. टपालाचे शिक्के, सेन्सॉरने उघडून पुन्हा चिकटवलेली पट्टी, तिच्यावरचा नंबर हे सगळं पाकिटावर असतं. निघाल्याची आणि पोचल्याची अशा दोन्ही तारखा दिसल्या तर त्या पत्राच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा आणि मग त्या क्रमाने वाचा, लिहिलेल्या नव्हे तर पोचलेल्या तारखेच्या. घरच्यांना कुठल्या दिवशी काय माहीत होतं ते तसंच कळतं.