तबला, बेस, ड्रम्स आणि २४ नवीन रॅप सिंगल्स - माझा अनुभव

नवीन रॅपर पोरांनी पाठवलेली २४ सिंगल्स ऐकून प्रत्येकाला लेखी रिव्ह्यू द्यायचा, असं काम आम्हा चौघांकडे आलं होतं. मी कीबोर्ड वाजवतो आणि बीट्स बनवतो. बाकीचे तिघं म्हणजे तबला वाजवणारे काका (वय साठच्या पुढे), एका मेटल बँडची ड्रमर, आणि लग्नकार्यापासून जॅझपर्यंत सगळीकडे बेस वाजवलेला दादा. लिहायचं काम माझ्याकडे होतं.

पहिला दिवस पूर्ण वाया गेला. एक गाणं लावलं की तिघं तीन दिशांना. ड्रमर म्हणाली "हे खूप स्लो आहे", काका म्हणाले "स्लो? अगं केवढं पळतंय, मी मोजतोय ना!" आणि मग दोघंही टेबलावर बोटं आपटून एकमेकांना लय दाखवायला लागले, दोघांची बोटं बरोबर गाण्याबरोबर चालली होती आणि तरी दोघं एकमेकांना चुकीचं म्हणत होते. अर्धा तास. ते ट्रॅप (रॅपचा एक प्रकार) होतं, १४० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १४० ठोके. स्नेअर (ड्रम्समधला कडक 'टक' आवाज) चार ठोक्यांच्या बारमध्ये एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर पडतो, म्हणून अंग हलतं ते ७० वर. पण वरची हाय-हॅट (ड्रम्समधल्या झांजा) सतत कुरकुरत असते त्यामुळे कान तिच्यामागे गेला की सगळं धावतंय असं वाटतं. मी हे सांगितलं तर काका एकदम शांत झाले आणि म्हणाले, "म्हणजे ठाय आणि दुगुन एकत्र चाललंय. मग असं सांग ना सरळ!" ड्रमर म्हणाली "तेच तर सांगतेय मी मघापासून". काका म्हणाले "तू नव्हतीस सांगत". पुढची दहा मिनिटं त्यावर गेली.

संध्याकाळी मार्क मोजले तर माझ्या लक्षात आलं की वर आलेली बहुतेक गाणी मोठ्या आवाजात मास्टर (शेवटचं फिनिशिंग) केलेली होती. कानाला जरा मोठा आवाज लगेच चांगला वाटतो, चौघांनाही वाटला. म्हणून रात्री बसून सगळी २४ गाणी मीटर लावून एका पातळीवर आणली, -१४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप, स्पॉटिफायचं नेहमीचं सेटिंग तेच आहे). दुसऱ्या दिवशी परत ऐकलं तेव्हा आदल्या दिवशी पहिलं आलेलं गाणं नवव्या नंबरवर गेलं. कोणी रिव्ह्यूचं काम घेत असेल तर हे पहिल्या तासातच करा, नाहीतर त्या पोरांवर अन्याय होतो.

आणि दुसरा नियम मी केला तो असा की "आवडलं नाही" चालणार नाही, कितव्या सेकंदाला काय खटकलं ते बोट ठेवून दाखवायचं. भांडणं कमी झाली नाहीत, पण त्या भांडणांतून लिहिण्यासारखं काहीतरी निघायला लागलं.

उदाहरण सांगतो. एका मुलाचा आवाज सगळीकडे बीटच्या किंचित मागे होता. काका म्हणाले बेताल आहे. ड्रमर म्हणाली "काका, तो मुद्दाम मागे बसलाय, लेड-बॅक म्हणतात त्याला". "मुद्दाम कशावरून?" प्रश्न रास्त होता. मग वेव्हफॉर्म (कॉम्प्युटरवर दिसणारं आवाजाचं चित्र) उघडून बघितलं. पहिल्या व्हर्समध्ये (कडव्यात) प्रत्येक बारला तो जवळजवळ तेवढाच मागे होता, म्हणजे हिशेबात होता. दुसऱ्या व्हर्समध्ये मात्र कधी मागे कधी पुढे, आणि नेमका जिथे लांब ओळीत श्वास संपत होता तिथेच घसरत होता. दोघंही अर्धे बरोबर! रिव्ह्यूत तसंच लिहिलं, पहिला व्हर्स आहे तसा ठेव, दुसऱ्यात चौथ्या ओळीतले दोन शब्द काढ आणि श्वासाला जागा कर.

दादाचं वेगळंच. तो आठव्या गाण्याला उठला, बेस काढला आणि गाण्याबरोबर वाजवायला लागला. "ऐका! सॅम्पल एफ मायनरमध्ये आणि ८०८ ई वर ठोकलाय याने!" सॅम्पल म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून घेतलेला तुकडा, ८०८ म्हणजे ड्रम मशीनचा खोल घुमणारा आवाज, आणि दोघांचे सूर जुळत नव्हते. ड्रमरला फोनवर काहीच चुकीचं ऐकू येत नव्हतं, ती म्हणाली दादा तुम्हाला भास होतायत. पण बेसची सगळ्यात खालची ई तार म्हणजे ४१ हर्ट्झ, एफ साधारण ४४, आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून हा भाग बाहेर पडतच नाही. मोठ्या स्पीकरवर लावलं तर खाली नुसता चिखल. ८०८ ड्रमसारखा दिसतो पण त्याला सूर असतो, नवीन पोरं सॅम्पल ओढून टाकतात आणि ट्यून करायचं राहून जातं. काका लगेच दादाच्या बाजूला गेले. "डग्गा न लावता मैफिलीला बसलाय हा मुलगा."

ड्रमरला मात्र मुळात मशीनवरचे ड्रम्सच नको होते, आणि कापून आणलेल्या ड्रम्सवरही तिचा राग होता. ती म्हणाली, १९६९ साली जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला एक ब्रेक (गाण्यातला नुसत्या ड्रम्सचा तुकडा) शेकडो गाण्यांत कापून वापरला गेला आणि त्या माणसाला त्या वापराचे पैसे जवळजवळ मिळालेच नाहीत, मग सॅम्पलचं क्रेडिट का नाही मागायचं? तिचा आवाज चढला होता. मला ते मनापासून पटलं. हिप-हॉप जन्मलंच ड्रमरच्या जिवावर, ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कच्या पार्टीत, जिथे तो गाण्यातला तेवढा ड्रम्सचा तुकडा लांबवत राहिला आणि लोक नाचत राहिले. म्हणून ज्या गाण्यात ब्रेक ओळखू आला तिथे "याचं क्रेडिट दे आणि परवानगी घे" ही ओळ आम्ही घातली.

मशीनच्या मुद्द्यावर तिच्या विरोधात गेले ते काका, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. ड्रिलचं (हाही रॅपचाच एक प्रकार) एक गाणं लागलं, त्यात ८०८ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आणि काका ताठ बसले. "परत लाव. परत लाव!" मग समोरचा डग्गा ओढून त्यांनी मनगट दाबत तसाच घुमारा काढून दाखवला. "ही मींड आहे. ज्याने केलंय त्याला कान आहे." ड्रमर म्हणाली काका ते माऊसने केलंय. काका म्हणाले, "कान असल्याशिवाय माऊसने कुठे थांबायचं ते कळेल का?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण तिने दहापैकी पाचच दिले आणि काकांनी नऊ. मी सरासरी काढली नाही. दोन्ही मतं कारणांसकट त्या मुलाला पाठवली.

ऑटो-ट्यूनवर (गाणाऱ्याचा सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर) वाद झाला तो नेहमीचाच. यमकांवर थोडा कमी झाला, कारण ओळीच्या शेवटीच यमक जुळवत बसण्यापेक्षा ओळीच्या पोटात जुळवणारी मुलगी आम्हा सगळ्यांनाच आवडली.

एक व्हर्स सोळाऐवजी पंधरा बारचा निघाला. काकांनी पकडला, कारण सोळा बार म्हणजे त्यांच्या हिशेबात तीनतालाची चार आवर्तनं, आणि शेवटची चार मात्रांनी तोकडी पडली. हूक (गाण्यात परत परत येणारा भाग) अचानक अंगावर आलं. चूक की युक्ती? तिघं तासभर भांडले, शेवटी मीच त्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला मुद्दामच केलंय. ड्रमर खुर्चीवरून उठून नाचली.

चौथ्या दिवशी सगळे रिव्ह्यू गेले. आठवड्याने ८०८ वाल्या मुलाने दुरुस्त केलेलं गाणं पाठवलं, एफ वर आणलेलं. चौघांनी मोठ्या स्पीकरवर ऐकलं, खालचा चिखल गेला होता. दादा खूश. काका म्हणाले आता फक्त थोडी मींड पाहिजे. ड्रमर म्हणाली आजिबात नको, आणि दादाने परत बेस काढला.