खळ्यात परत आलेल्या पेट्या

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळी साडेसातला मी देवगडजवळच्या एका घराच्या खळ्यात उभा होतो आणि समोर एक्केचाळीस खोकी रचून ठेवलेली होती. डझनाची खोकी, सगळी परत आलेली. वास गोड होता, पण आढी उघडल्यावर येतो तो नव्हे. त्याला आंबूसपणा चढला होता. खालच्या खोक्यांचा पुठ्ठा ओला होऊन बसला होता आणि चिलटं घोंगावत होती. काकी पाटावर बसून एकेक खोकं उघडत होत्या. काळा पडलेला आंबा घमेल्यात, त्यातल्या त्यात बरा टोपलीत. टोपलीत आतापर्यंत पाच आंबे होते.

मी पुण्यात राहतो आणि लहान उत्पादकांची ऑनलाइन विक्री बघतो. जाहिराती, वेबसाइट, व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, सगळं. आंब्याची बाग असलेल्या या काका-काकींचा हा माझ्याकडचा दुसरा हंगाम. पहिल्या वर्षी ओळखीतल्या लोकांना व्हॉट्सॲपवर निरोप गेले, यूपीआयने आधी पैसे आले, पेट्या गेल्या. व्यवहार छोटा, पण चोख. या वर्षी वाढवायचं म्हणून मीच आग्रह धरला की कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू. काका नको म्हणत होते. मी त्यांना आकडे दाखवले, इतरांची उदाहरणं दिली, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून हो म्हणाले.

आदल्याच दिवशी मी त्यांना डॅशबोर्डचा, म्हणजे ऑर्डरी आणि जाहिरातीचे आकडे दाखवणाऱ्या पानाचा, फोटो पाठवला होता. अठरा दिवसांत 212 ऑर्डरी, जाहिरातीच्या एका रुपयामागे चार रुपयांची विक्री. मला वाटलं, काका खूश होतील. त्यांचा फोन आला, "तू एकदा येऊन बघ." आवाज असा होता की मी कारण न विचारता रात्रीच गाडी काढली आणि फोंडा घाट उतरून उजाडता देवगडला पोचलो.

"तुझो कम्प्यूटर काय सांगता?" काकांनी विचारलं. मी 212 म्हणालो. ते काही बोलले नाहीत, खोक्यांकडे बघत राहिले. एक्केचाळीस इथे, आणखी तीस वाटेत. तिसरा हिस्सा परत.

आमच्या धंद्यात याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, म्हणजे माल निघाला तिथेच परत. काकीनी आधी तो शब्द ऐकून गाडीच्या पासिंगचं काहीतरी समजून घेतलं होतं. साडी परत आली तर घडी करून पुन्हा विकता येते. भाडं मात्र जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही विकणाऱ्याच्याच अंगावर. आंब्याचं तर भाडंही जातं आणि फळही. झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, देठासकट उतरवलेलं, एकेक पुसून गवतात बसवलेलं फळ तीन-चार दिवस जाणार, दोन-तीनदा दारावरून मागे फिरणार, मग आठवडाभर परतीच्या गोदामांत तापणार. "झिला, आंबो कोणाची वाट बघणा नाय," काकी म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी लॅपटॉप काढला, पण काकीनी दुसरंच सुरू केलं. खोक्यावरचं लेबल बघायचं आणि त्यावरच्या नंबरला फोन लावायचा. स्पीकर चालू ठेवून. मी इतकी वर्षं हे काम करतोय, पण परत आलेल्या ऑर्डरीच्या माणसाला फोन करावा हे मला कधी सुचलं नव्हतं.

पहिल्याने उचललाच नाही. दुसरा म्हणाला, "मी तीन ठिकाणी ऑर्डर टाकली होती, जी आधी आली ती घेतली." एका मुलीला वाटलं होतं की बटण दाबल्यावर फक्त भाव कळेल. एक गृहस्थ स्पष्टच बोलले: मागच्या वर्षी देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा आंबा गळ्यात पडला होता, म्हणून आधी खोकं उघडून बघू द्या म्हटलं, डिलिव्हरीवाल्याने नकार दिला, मी परत पाठवलं. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ वळेना. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळावर सांकेतिक क्रमांकाचं सील आणलं, ते सगळं याच फसवणुकीपायी. यूपीआय 2016 पासून हातात असूनही अनोळखी पेजला आधी पैसे द्यायला माणूस कचरतो, त्याचंही मूळ इथेच आहे.

अकरावा की बारावा फोन कराडच्या एका आजींना लागला. लेबलवर शेरा होता, "ग्राहक उपलब्ध नाही." आजी म्हणाल्या, "अहो, मी तीन दिवस घर सोडलं नाही. नातू येणार होता. कुणी आलंच नाही." काकीनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

फोन संपले तेव्हा मला उमगलं की चूक कुरिअरची असेल, लोकांची असेल, पण सर्वांत मोठी चूक माझ्या मांडणीत आहे. जाहिरातीची यंत्रणा आपण जे यश म्हणून दाखवू तेच शिकते. आठवड्याला पन्नासेक ऑर्डरी नोंदल्या गेल्या की ती स्थिरावते, आणि मग त्या ऑर्डर देणाऱ्यांसारखी माणसं शोधत सुटते. मी तिला यश म्हणून काय दाखवलं होतं? ऑर्डरचं बटण दाबलं गेलं, एवढंच. पैसे हातात पडले की नाही हे तिला कधी कळवलंच नाही. त्यामुळे सहज बटण दाबणारी माणसं तिला सर्वांत स्वस्तात मिळत गेली आणि ती त्यांनाच आमची जाहिरात दाखवत राहिली. घेऊन खाणारा माणूस दोनदा विचार करतो, भाव विचारतो, वेळ लावतो. तो तिच्या लेखी महाग. माझे आकडे दिवसागणिक सुंदर होत होते ते याच कारणाने. आज सगळीकडे जाहिरातीतलं बरंच काम या आपोआप शिकणाऱ्या यंत्रणांकडे सोपवलं जातंय, मीही सोपवतो. म्हणूनच तिच्या हातात काय देतो याची जबाबदारी पूर्वीपेक्षा जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

रेंज फक्त गडग्यापाशी, दगडी कुंपणाजवळ, येत होती. चिऱ्यांवर लॅपटॉप ठेवून मी चालू जाहिराती थांबवल्या. मग दुपारभर नवी रचना केली. जाहिरातीवरून थेट ऑर्डर नाही, व्हॉट्सॲप उघडेल. तिथे काकींचा आवाजी निरोप: आंबे कधी खायचे आहेत, घरी किती माणसं आहेत? तारखेप्रमाणे कच्चे की अर्धे तयार पाठवायचे ते ठरेल. दोनशे रुपये आगाऊ, बाकी फळ बघून. आणि दर रात्री, खरोखर पोचलेल्या आणि पैसे आलेल्या ऑर्डरींची यादी यंत्रणेला परत द्यायची, म्हणजे तिला त्या माणसांसारखी माणसं शोधता येतील. काकीनी निरोप चार वेळा बोलून बघितला. तीनदा त्या पुस्तकी मराठीत बोलल्या. चौथ्यांदा मालवणीत, जशा बोलतात तशा. आम्ही तोच ठेवला.

पुढच्या आठवड्यात ऑर्डरी तिसऱ्या हिश्शावर आल्या. परत आली एक पेटी. एक्केचाळीस खोक्यांचं नुकसान मी माझ्या मानधनातून वळतं केलं. काका नको म्हणत होते, पण याही वेळी मी ऐकलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी निघताना काकीनी नवी पेटी बांधली. प्रत्येक फळ हातात घेऊन देठाशी नाक नेत होत्या. दोन बाजूला काढले, बदलले. झाकणावर पेनाने लिहिलं, "कराडच्या आजी." माझ्या वाटेवरच कराड होतं.

पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आजी जाग्या होत्या, फोन करूनच गेलो होतो. मी पेटी आत ठेवली आणि म्हटलं, पैसे नकोत, उशीर आमच्याकडून झाला. त्या काही न बोलता देवघरापाशी गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. त्यावर तारीख लिहिलेली होती, ऑर्डर केली त्या दिवसाची. आत बाराशे रुपये होते, सुट्ट्यासकट मोजून ठेवलेले.

"केव्हाचे काढून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "घ्या."